शिधापत्रिका आणि मतपत्रिका

पॅलेस्टिनी निर्वासितांच्या मदतीवरून जगभर, आणि भारत या मदतीसाठी दरवर्षी ५० लाख डॉलर देतो म्हणून अधूनमधून आपल्याकडेही, जो वाद होतो त्याचे साचे आता ठरून गेले आहेत. एका बाजूचे म्हणणे असे की संयुक्त राष्ट्रांची ‘अन्रवा’ ही मदतसंस्था बंद करावी, कारण तिच्यामुळेच निर्वासितपण पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिले. दुसरी बाजू उत्तर देते की उपाशी मुलाच्या तोंडी घास घालताना राजकारण आणू नये. दोन्ही बाजू एकमेकींवर तुटून पडतात, पण शिधा घेणाऱ्याला स्वतःच्या भवितव्याबद्दल मत देण्याचा अधिकार असावा का, हा प्रश्न आज काढण्याचे कारण नाही, याबद्दल त्यांचे न बोलता एकमत असते. पहिली बाजू त्याला उपद्रव समजते आणि दुसरी त्याला पोट समजते. माझी भूमिका अशी की मदत विनाअट आणि पुरेशी चालू राहिली पाहिजे, आणि त्याच वेळी गाझा, वेस्ट बँक आणि आसपासच्या देशांतल्या छावण्यांमधील पॅलेस्टिनी तरुणांना मतदानाची संधी मिळाली पाहिजे. यातले एक दुसऱ्याच्या बदल्यात देण्याचे नाही, आणि ‘आधी हे, मग ते’ असा क्रमही त्यांना नाही.

या दोन गोष्टी एकमेकींपासून तुटल्या कशा, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १९४८ च्या युद्धात सुमारे साडेसात लाख पॅलेस्टिनी घरादारांतून बाहेर पडले. त्या वर्षी ११ डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९४ क्रमांकाचा ठराव केला आणि अमेरिका, फ्रान्स व तुर्कस्तान यांचा एक समेट आयोग नेमला. परतणे, नुकसानभरपाई, अंतिम तोडगा हे राजकीय काम त्याचे होते. वर्षभराने, ८ डिसेंबर १९४९ रोजी, ३०२ क्रमांकाच्या ठरावाने अन्रवा स्थापन झाली. तिच्याकडे राजकीय तोडगा नव्हे, पीठ, तंबू, दवाखाने आणि शाळा आल्या, आणि तेही तात्पुरत्या मुदतीसाठी. पुढे समेट आयोग निष्प्रभ झाला. तो बरखास्त कधीच झाला नाही. आजही दरवर्षी तो आमसभेला कळवतो की मागील अहवालानंतर नवे सांगण्यासारखे काही नाही. अन्रवाला मात्र दर काही वर्षांनी मुदतवाढ मिळत गेली, आणि ‘तात्पुरती’ संस्था आज सुमारे ५९ लाख नोंदणीकृत निर्वासितांची शाळा, दवाखाना आणि नगरपालिका होऊन बसली आहे. राजकारण सोडवणारी यंत्रणा मेली आणि पोट भरणारी जगली. अशा वेळी न सुटलेल्या राजकारणाचा दोष पोट भरणाऱ्या यंत्रणेवर ढकलणे याला युक्तिवाद कसे म्हणायचे?

आता मताधिकाराकडे वळू. पॅलेस्टिनी विधिमंडळाची शेवटची निवडणूक २५ जानेवारी २००६ रोजी झाली आणि अध्यक्षपदाची त्याच्याही आधी, ९ जानेवारी २००५ रोजी. त्या निवडणुकीत चार वर्षांसाठी निवडून आलेले महमूद अब्बास नव्वदीच्या उंबरठ्यावर पोहोचेपर्यंत त्याच पदावर राहिले. मतदानाचे वय अठरा धरले, तर २५ जानेवारी १९८८ नंतर जन्मलेल्या एकाही पॅलेस्टिनीने आपल्या विधिमंडळासाठी आयुष्यात एकदाही मत दिलेले नाही. जिथे निम्मी लोकसंख्या विशीच्या आसपास किंवा त्याखाली आहे, तिथे याचा अर्थ असा की पस्तिशी ओलांडलेला, संसारी, मुलाबाळांचा माणूसही नवमतदारच ठरतो.

आणि मतदान म्हणजे काय हे या पिढीला ठाऊक नाही, असे मुळीच नाही. अन्रवाच्या शाळांमध्ये विद्यार्थ्यांची संसद असते. मुले-मुली प्रचार करतात, मतपेटीत चिठ्ठ्या टाकतात, प्रतिनिधी निवडतात. रामल्लाजवळच्या बिरझैत विद्यापीठातील विद्यार्थी परिषदेच्या निवडणुकीकडे राजकीय पक्ष आणि पत्रकार हवेची दिशा पाहण्यासाठी डोळे लावून बसतात, कारण पाहण्यासारखे दुसरे काही नाहीच. वेस्ट बँकेत अधूनमधून स्थानिक परिषदांच्या निवडणुका झाल्या. २०२१ मध्ये विधिमंडळाची निवडणूक जाहीर झाली, तेव्हा पात्र मतदारांपैकी सुमारे ९३ टक्के लोकांची नोंदणी झालेली होती आणि उमेदवारांच्या ३६ याद्या रिंगणात होत्या. मतदानाला तीन-चार आठवडे उरले असताना, पूर्व जेरुसलेममध्ये मतदान होऊ देण्याची हमी इस्राएल देत नाही, हे कारण सांगून अब्बास यांनी ती पुढे ढकलली. कारण पूर्ण खोटे नव्हते. १९९६ मध्ये आणि २००६ मध्ये तिथे टपाल कचेऱ्यांतून मतदान झाले होते आणि या वेळी इस्राएलकडून तशी परवानगी आलेली नव्हती. पण अब्बास यांच्या फताह या पक्षात फूट पडून त्याच्याच नेत्यांची वेगळी यादी उभी राहिली होती, हेही तितकेच खरे. २२ मे २०२१ ही मतदानाची तारीख होती. त्या दिवशी मतदान झाले नाही, आणि सुमारे अडीच वर्षांनी ७ ऑक्टोबर उजाडला.

या दोन घटनांमध्ये कार्यकारणाची सरळ रेघ ओढणे अप्रामाणिकपणाचे होईल. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी सुमारे बाराशे माणसे मारण्याचा आणि अडीचशे जणांना ओलीस नेण्याचा निर्णय हमासच्या सशस्त्र नेतृत्वाचा होता. ‘मत मिळाले नाही म्हणून’ या सबबीने त्याचे समर्थन होत नाही. तो निर्णय गाझातल्या कोणत्याही मतदाराला विचारून झाला नव्हता, आणि त्याच्या उत्तरादाखल गाझाच्या आरोग्य खात्याच्या मोजदादीनुसार सत्तर हजारांहून अधिक माणसे ज्या युद्धात मेली, तेही विचारून झाले नाही, एवढेच इथे म्हणायचे आहे.

अन्रवाविरुद्धचा सर्वांत जड आक्षेप त्याच दिवसाशी जोडलेला आहे. तिच्या काही कर्मचाऱ्यांनी हल्ल्यात भाग घेतला, असा आरोप इस्राएलने जानेवारी २०२४ मध्ये केला. अमेरिकेसह डझनाहून अधिक देणगीदार देशांनी लगेच पैसे थांबवले. पुढे संयुक्त राष्ट्रांच्याच अंतर्गत चौकशीत नऊ जणांचा सहभाग असू शकतो असे दिसले आणि त्यांना काढून टाकण्यात आले. ही गोष्ट क्षुल्लक नाही. शाळेत शिकवणारा किंवा धान्य वाटणारा माणूस हत्याकांडात सामील असल्याचा नुसता संशयही संस्थेच्या विश्वासार्हतेला तडा देणारा आहे, आणि अन्रवाचे समर्थक हा मुद्दा ज्या घाईने उडवून लावतात ती मला पटत नाही. पण गाझात संस्थेचे सुमारे तेरा हजार कर्मचारी होते. फ्रान्सच्या माजी परराष्ट्रमंत्री कातरीन कोलोना यांच्या समितीने एप्रिल २०२४ मध्ये संस्थेच्या तटस्थतेतल्या उणिवा स्पष्टपणे नोंदवल्या. त्याचबरोबर ही संस्था अपरिहार्य आहे, तिच्या कर्मचाऱ्यांच्या याद्या इस्राएलला दरवर्षी दिल्या जातात, आणि मोठ्या संख्येने कर्मचारी दहशतवादी संघटनांचे सदस्य असल्याच्या दाव्याला पुरावा दिला गेलेला नाही, असेही म्हटले. नऊ जणांच्या गुन्ह्याची शिक्षा नऊ जणांना व्हावी, की लाखो मुलांच्या शाळेला? याच युद्धात संस्थेचे तीनशेहून अधिक कर्मचारी मारले गेले, हा आकडा त्या वादात कितीदा ऐकू आला?

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे: जगातल्या इतर निर्वासितांचे पुनर्वसन होते, पॅलेस्टिनींचे निर्वासितपण मात्र वारसाहक्काने नातवंडांपर्यंत चालत येते. यातला निम्मा भाग चुकीचा आहे. पाकिस्तानातल्या अफगाण छावण्यांमध्ये किंवा केनियातील दादाबमध्ये जन्मलेली मुलेही निर्वासितच गणली जातात. मूळ प्रश्न सुटला नाही की दर्जा पुढे सरकतो, इतकेच. उरलेला निम्मा भाग मात्र खरा आहे आणि तो मान्य करायला हवा. जॉर्डनमध्ये वीस लाखांहून अधिक लोक अन्रवाच्या नोंदवहीत आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांकडे जॉर्डनचे नागरिकत्व आहे. इतर कोणत्याही निर्वासिताला नवे नागरिकत्व मिळाल्यावर त्याचे नाव यादीतून गेले असते. पण हे उदाहरण नीट पाहिले तर ते माझ्याच बाजूने बोलते. जॉर्डनचा नागरिक असलेला पॅलेस्टिनी मत देतो, धंदा करतो, जमीन घेतो. तोच माणूस लेबनॉनमध्ये असता तर त्याला ना मत, ना अनेक व्यवसायांची मुभा, ना घर नावावर करण्याचा हक्क. दोघेही एकाच नोंदवहीत असतील, पण दोघांची आयुष्ये सारखी नाहीत. निर्वासितपण पुसण्याचे काम नोंदवहीतून नाव खोडून होत नाही. ते राजकीय अधिकाराने होते, आणि मदत बंद करा म्हणणारे नेमका तोच अधिकार देऊ करताना कधी दिसत नाहीत.

तिसरा आक्षेप २००६ चा आहे, आणि माझ्या भूमिकेला खरा धोका त्याच्याकडूनच आहे. मतदान झाले, निरीक्षकांनी ते बऱ्यापैकी मोकळे आणि प्रामाणिक ठरवले, आणि १३२ पैकी ७४ जागा हमासला मिळाल्या. दीड वर्षात फताह आणि हमास रस्त्यावर एकमेकांशी लढले आणि जून २००७ मध्ये गाझा हमासच्या हाती गेला. तेव्हा पुन्हा निवडणुका घ्या म्हणणारे लोक काय साधू पाहतात? हा प्रश्न विचारणाऱ्याला भाबडे उत्तर देऊन चालणार नाही. पॅलेस्टिनी तरुण मोकळ्या मतदानात केवळ सौम्य, सर्वांना पसंत पडणारे नेतेच निवडतील, याची हमी कोणी देऊ शकत नाही. बिरझैतमध्ये हमासशी जवळीक असलेला गट २०२२ आणि २०२३ मध्ये जिंकला होता.

तरीही २००६ चा धडा जसा सांगितला जातो तसा तो नाही. पक्षयाद्यांच्या मतदानात हमासला सुमारे ४४ टक्के आणि फताहला ४१ टक्के मते होती. निम्म्या जागा मतदारसंघांतून भरायच्या होत्या, तिथे फताहच्या अधिकृत उमेदवारांसमोर फताहचेच बंडखोर उभे राहिले आणि तीन टक्क्यांच्या फरकाचे रूपांतर प्रचंड बहुमतात झाले. महाराष्ट्रातल्या वाचकाला मतविभागणीचे हे गणित वेगळे समजावून सांगायला नको. लोकांनी हमासला कायमचा पट्टा लिहून दिला नव्हता. भ्रष्ट सत्ताधाऱ्यांना घरी बसवले होते, आणि चार वर्षांनी हमासलाही घरी बसवण्याची संधी त्यांना मिळायला हवी होती. ती कोणी मिळू दिली नाही: हमासने दिली नाही, फताहने दिली नाही, आणि निकाल लागताच मदत रोखणाऱ्या देशांनीही दिली नाही. ज्या निवडणुकीनंतर दुसरी निवडणूकच झाली नाही, तिच्यावरून निवडणुकांबद्दल निष्कर्ष कसा काढायचा?

याच्या आधीचा एक अनुभव तर आता जवळपास विस्मरणात गेला आहे. एप्रिल १९७६ मध्ये, इस्राएलच्या ताब्यात असलेल्या वेस्ट बँकेत, इस्राएलच्याच परवानगीने नगरपालिकांच्या निवडणुका झाल्या आणि स्त्रियांनाही मताधिकार मिळाला. जुनी, नरम घराणी निवडून येतील अशी अपेक्षा होती. आले पीएलओचे, म्हणजे पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेचे, समर्थक. नाब्लुसचे महापौर बस्साम शकआ यांच्या गाडीत जून १९८० मध्ये ज्यू अतिरेक्यांच्या गुप्त गटाने बॉम्ब ठेवला, त्यात त्यांचे दोन्ही पाय गेले. १९८२ मध्ये इस्राएली प्रशासनाने त्यांना पदावरूनच दूर केले. मतपेटीतून आलेले ते नेते, ज्यांच्याशी बोलणी करता आली असती असे, बाजूला सारले गेले, आणि त्याच दशकाच्या शेवटी, पहिल्या इंतिफादाच्या (पॅलेस्टिनी उठावाच्या) काळात, हमासचा जन्म झाला. अल्जीरियात डिसेंबर १९९१ च्या पहिल्या फेरीत इस्लामी पक्ष पुढे आला म्हणून लष्कराने निवडणूकच रद्द केली. त्यानंतरचे दशक रक्तपातात गेले. नकोसा निकाल टाळण्यासाठी मतदान टाळले की निकाल टळतो, असे या इतिहासात कुठेच दिसत नाही. तो फक्त मतपेटीबाहेर लागतो.

चौथा आक्षेप व्यवहारातला आहे. गाझात मतदान केंद्र उभारायला शाळा उरलेल्या नाहीत, माणसे तंबूंत आहेत, मतदारयादीतली किती नावे हयात आहेत हेही सांगता येत नाही. हे सगळे खरे आहे, आणि उद्या सकाळी मतदान घ्या असे कोणी म्हणत नाही. पण विस्कटलेल्या, पांगलेल्या माणसांची मतदारयादी करता येत नाही, हे भारतीयांनी तरी कोणाला सांगू नये. फाळणीनंतर लाखो निर्वासित येत असताना, राज्यघटना पूर्ण होण्याच्याही आधी, आपल्याकडे प्रौढ मताधिकाराच्या याद्या तयार होऊ लागल्या. वास्तव्याची अट निर्वासितांना पुरी करता येणे शक्य नव्हते. तेव्हा, मी या गावी कायम राहणार आहे, एवढ्या त्यांच्या प्रतिज्ञेवर त्यांची नावे घालावीत असे संविधान सभेच्या सचिवालयाने ठरवले. कल्याणजवळच्या रिकाम्या लष्करी छावणीत आलेल्या सुमारे लाखभर सिंधींचे उल्हासनगर झाले ते शिध्याने, पण केवळ शिध्याने नाही. तिथले भाग आजही ‘कॅम्प’च्या क्रमांकांनीच ओळखले जातात, आणि तिथे कोणालाही स्वतःला निर्वासित म्हणवून घेण्याची गरज उरलेली नाही.

परदेशातल्या निर्वासितांनी मत देणे हेही अघटित नाही. बोस्नियात युद्ध थांबल्यावर वर्षाच्या आत, सप्टेंबर १९९६ मध्ये, देशोदेशी पांगलेल्या निर्वासितांनी मते दिली. ऑक्टोबर २००४ च्या अफगाण अध्यक्षीय निवडणुकीत पाकिस्तान आणि इराणमधल्या निर्वासितांना मताधिकार होता, आणि त्या निवडणुकीतले पहिले मत इस्लामाबादमध्ये १९ वर्षांच्या एका निर्वासित तरुणीने टाकले. (त्या मतदानाने अफगाणिस्तान वाचला नाही, हे मला ठाऊक आहे, मताधिकार हा विमा नसतो.) आपल्या अधिक जवळचे उदाहरण तिबेटींचे आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या नॉर्ग्येलिंग वसाहतीतला अठरा वर्षांचा तिबेटी तरुण निर्वासित संसदेसाठी आणि सिक्योंग या प्रमुखासाठी मत देतो. त्याच्यामागे ना राज्य आहे, ना भूमी, ना कोणत्याही देशाची मान्यता. पॅलेस्टाइनला दीडशेच्या आसपास देशांची मान्यता आहे. भारताने ती १९८८ मध्येच दिली. तरी लेबनॉनमधल्या ऐन अल-हिलवे छावणीतल्या तरुणाला कशासाठीही मत नाही. इस्राएल आणि पीएलओ यांच्यातल्या ओस्लो करारानंतरच्या निवडणुका वेस्ट बँक आणि गाझापुरत्या होत्या, आणि बाहेरच्या पॅलेस्टिनींच्या वतीने बोलणारी पीएलओची राष्ट्रीय परिषद नेमणुकांनी आणि गटांच्या वाटपाने भरत आली. यजमान देशांना भीती अशी की छावण्यांत मतपेटी आली तर हे लोक इथेच रुजतील. पण स्वतःच्या राष्ट्रीय परिषदेसाठी मत देणारा माणूस लेबनॉनचा मतदार होत नाही; उलट तो कुठला आहे, हेच त्यातून नोंदले जाते.

आता ज्यांच्याशी माझा जिव्हाळा अधिक आहे, त्या मदतीच्या बाजूकडे येतो. मानवतावादी काम राजकारणापासून दूर ठेवा, हे त्यांचे म्हणणे कामाच्या पद्धतीपुरते योग्य आहे. अन्रवाच्या कर्मचाऱ्याने प्रचार करू नये, आणि अन्रवाची नोंदवही उचलून तिचीच मतदारयादी करण्याची जी सोपी सूचना कधीकधी पुढे येते ती तर धोक्याची आहे. ज्या कागदावर पीठ मिळते त्याच कागदावर मत मोजले जाऊ लागले, की पीठ वाटणारा हात मतासाठीही पुढे होईल. यादी निवडणूक आयोगाचीच हवी, आणि पॅलेस्टिनी केंद्रीय निवडणूक आयोगाचे काम त्याच्या विरोधकांनीही नावाजलेले आहे. पण पद्धतीतली तटस्थता वेगळी आणि मदत घेणाऱ्याच्या अधिकारांबद्दल मौन वेगळे. त्या मौनाची किंमत मे २०२५ पासून गाझात दिसली. संयुक्त राष्ट्रांची सुमारे चारशे वाटपकेंद्रे बाजूला सारून अमेरिका आणि इस्राएलच्या पाठिंब्याने उभ्या झालेल्या एका खासगी संस्थेने चार जागी अन्न वाटायला सुरुवात केली. ती नोव्हेंबरमध्ये बंद होईपर्यंत अन्न घ्यायला जाताना शेकडो माणसे मेली. वाटपाची ठिकाणे, वेळा, रस्ते कोणी ठरवले? ते ठरवणाऱ्याला जाब विचारू शकेल असा एकही माणूस त्या रांगेत नव्हता. मतदाराला उपाशी ठेवणे अशक्य नसते, पण त्याला मोजावे लागते.

आणि पुढची व्यवस्था तरी काय आहे? १७ नोव्हेंबर २०२५ च्या २८०३ क्रमांकाच्या ठरावाने सुरक्षा परिषदेने गाझासाठी अमेरिकी अध्यक्षांच्या नेतृत्वाखालील शांतता मंडळाला २०२७ च्या अखेरपर्यंत मान्यता दिली. त्याखाली पॅलेस्टिनी तज्ज्ञांची बिगरराजकीय समिती असेल, पुनर्बांधणी असेल, आंतरराष्ट्रीय फौज असेल. मतदानाची तारीख त्या ठरावात नाही. म्हणजे १९४९ चीच पुनरावृत्ती: शिध्याची यंत्रणा तपशीलवार, राजकीय हक्काची यंत्रणा ‘परिस्थिती अनुकूल झाल्यावर’. रामल्लातले अब्बास यांचे नेतृत्वही यात निर्दोष नाही. निवडणुकांची आश्वासने तिथून येत राहतात, पण उमेदवाराने पीएलओचा कार्यक्रम आधी मान्य करावा अशा अटी त्यांच्यासोबत येतात, आणि विधिमंडळाची उमेदवारी करायला आजच्या कायद्याने वयाची अठ्ठावीस वर्षे पूर्ण लागतात. अठराव्या वर्षी मत देण्याइतके आणि मरण्याइतके शहाणपण येते, पण उभे राहण्याइतके यायला आणखी दहा वर्षे लागतात, हा हिशेब कोणत्या तर्काने केला आहे? हिंसेला प्रतिबंध करणारी अट मी समजू शकतो. कार्यक्रम आधीच मान्य करून घेणारी अट म्हणजे निकाल आधी लिहून ठेवणे आहे.

भारताला इथे करण्यासारखे आहे, आणि ते फार खर्चाचे नाही. ५० लाख डॉलर चालू ठेवावेत, जमल्यास वाढवावेत, आणि देताना लाज किंवा सबब नसावी. त्याच्या जोडीला, निर्वासितांची मतदारयादी कशी करतात हे ज्या देशाने पूर्वी करून दाखवले, त्याने पॅलेस्टिनी निवडणूक आयोगाला त्या कामासाठी माणसे आणि अनुभव देऊ करावा. परदेशी निवडणूक अधिकाऱ्यांना शिकवणारी संस्था आपल्या निवडणूक आयोगाकडे २०११ पासून आहे. इस्राएलशी असलेल्या आपल्या चांगल्या संबंधांचा उपयोग शस्त्रखरेदीपलीकडे करायचा असेल, तर पूर्व जेरुसलेममधल्या टपाल कचेऱ्यांत मतपेट्या ठेवू द्या, ही मागणी त्यांच्याकडे करता येईल. १९९६ मध्ये इस्राएलने ती मान्य केली होती, २००६ मध्येही केली होती.